टाकळ्याच्या मुळाला गाठी नसतात

जूनच्या पहिल्या सरी पडून आठवडा-दोन आठवडे झाले की मुलुंड स्टेशनबाहेर रानभाज्यांच्या जुड्या दिसू लागतात. टाकळा, कुर्डू, शेवळं, नशीब असेल तर कवळा. विकणाऱ्या काही जणी येऊरच्या पाड्यांवरच्या, काही थेट शहापूर-कसाऱ्याकडून पहाटेच्या गाडीने आलेल्या. टाकळा सगळ्यात स्वस्त, कारण तो शोधत हिंडावं लागत नाही. रस्त्याची कड, बांधकामाचा राडारोडा, वणव्याने काळा झालेला उतार, जिथे म्हणून जमीन उसवली आहे तिथे तो दाटीवाटीने हजर असतो. कवळ्यासाठी मात्र डोंगर चढावा लागतो. मोकळ्या माळावर, पातळ मातीत, गवताच्या आडोशाने तो येतो आणि बेताचाच येतो.

टाकळा आणि कवळा दोघंही शेंगवाले, डाळींच्या कुळातले. या कुळाबद्दलचं एक वाक्य आपल्या सगळ्यांच्या डोक्यात शाळेपासून पक्कं बसलेलं असतं: मुळांवर गाठी असतात, गाठींत जिवाणू राहतात, ते हवेतलं नत्र झाडाला देतात. ज्युनियर कॉलेजात मी हे बरीच वर्षं शिकवलं. मुगाचं रोप उपटून, गाठ ब्लेडने कापून आतला गुलाबी रंग मुलांना दाखवायचा हा माझा आवडता तास. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या चुलतभावाचा, लेगहिमोग्लोबिनचा. मुलं एरवी पेंगत असली तरी रक्त म्हटलं की जागी होतात. पण टाकळा उपटून त्याची मुळं धुऊन पाहिली तर तिथे एकही गाठ सापडत नाही. कवळ्याला असतात, टाकळ्याला नाहीत. त्या कुळात हा एक मोठा फाटा आहे ज्यातल्या कित्येक झाडांनी जिवाणूंशी हा संसार मांडलेलाच नाही.

मग टाकळा एवढा तरारून येतो तो कशाच्या जोरावर? दुसऱ्याच्या. मातीत वर्षानुवर्षं साठलेलं नत्र कुठल्या तरी धक्क्याने सुटं होतं आणि हा पहिल्या पंक्तीला बसतो. भाजी खाताना मला याचं काही वाईट वाटत नाही, लसूण सढळ हाताने घातली की टाकळा छानच लागतो. पण उतारावर टाकळा माजलेला दिसला की तिथली माती गळते आहे असं मी समजते.

मुंबईच्या डोंगरांचा दगड ज्वालामुखीचा, सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तो झिजून जी माती होते तिला चुना मिळतो, लोह मिळतं, थोडं स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाशही (पोटॅशियम) मिळतं. नत्र मात्र त्या दगडात नावालाच. म्हणजे कान्हेरीच्या मागच्या जंगलात आज जे काही नत्र पानांत, खोडांत, मातीत, बिबट्यात आणि माकडांत आहे, ते जवळपास सगळं कधी ना कधी हवेतून उतरलेलं आहे. हवेत त्याची टंचाई नाही. एका हेक्टर जमिनीच्या डोक्यावर हवेचा जो खांब उभा आहे त्यात ७५ हजार टनांहून जास्त नत्र असतं. पण त्याचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने असे जखडलेले असतात की झाडाला त्याचा काडीचा उपयोग नाही.

तो बंध तोडायचा कारखाना आपल्याच शहरात आहे. ट्रॉम्बेच्या टेकडीच्या पायथ्याशी १९६५ च्या सुमारास सुरू झालेला, आजचा राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स. त्याच्या ‘सुफला’च्या पिशव्या महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात ओसरीवर दिसतील, रिकाम्या झाल्यावर धान्य भरायलाही. फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये प्रयोगशाळेत दाखवलेली आणि कार्ल बॉश यांनी कारखान्यात उतरवलेली अमोनियाची रीत म्हणजे ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान, शंभर-दोनशे वातावरणांचा दाब आणि लोखंडाचा उत्प्रेरक. येऊरच्या माळावर कवळ्याच्या मुळावरची मोहरीएवढी गाठ हेच काम पावसाळ्यातल्या गारव्यात करते. अर्थात फुकट नाही. नत्राचा एक रेणू फोडायला एटीपीचे, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या चलनाचे, निदान १६ रेणू खर्ची पडतात, आणि ते सगळे झाडाने पानात शिजवलेल्या साखरेतून द्यायचे. परवडतं त्यांनीच हा उद्योग करावा. ज्यांना आयतं मिळतं ते कशाला करतील?

अशा थेंबाथेंबाने आलेलं नत्र मातीत साठतं ते बहुतेक सगळं सेंद्रिय द्रव्यात अडकून. ९५ टक्क्यांहून जास्त. झाडाला लागतं ते मुख्यतः अमोनियम किंवा नायट्रेट, आणि ते जिवाणू-बुरशा कुजवून देतील तेवढंच, वर्षाला एकूण साठ्याच्या काही टक्के. शाबूत जंगलात हे सुटं झालेलं नत्र क्षणभरही मोकळं हिंडत नाही. मुळं, बुरशीचे धागे, दुसरे जिवाणू, कोणी ना कोणी ते लगेच उचलतं. जंगलातली माती तपासली तर नायट्रेट जवळजवळ सापडत नाही, आणि ते कमी सापडणं हीच तब्येतीची खूण. झाडं लावणाऱ्या मंडळींना हे पटवताना मला फार त्रास होतो. मातीचा अहवाल हातात आला की ‘नत्र कमी’ वाचून लगेच खताची गोणी आणायला निघतात.

आता वणवा. मार्च-एप्रिलमध्ये रात्री मुलुंड कॉलनीच्या बाजूने डोंगराकडे पाहिलं तर कधी कधी उतारावर आगीची नागमोडी रेघ सरकताना दिसते. आपल्याकडे उन्हाळ्यात वीज पडून आग लागणं दुर्मीळ, वणवा लावतो माणूस. विडी, मध, पार्टी, खोडी, गवताच्या नव्या फुटव्याची आशा, काहीही कारण. वाळल्या गवतातलं नत्र सुमारे २०० अंशांपासून वायू होऊन उडायला लागतं. स्फुरद, पालाश, चुना बऱ्याच अंशी राखेत उरतात, नत्र धुराबरोबर जातं. पण मातीत दोन-तीन बोटं खाली गेलात तर गवताच्या आगीने तिथे फारसा फरक पडलेला नसतो. वरचा पापुद्रा तेवढा भाजतो, त्यातले सूक्ष्मजीव मरतात, आणि त्यातून अमोनियम सुटतं. म्हणजे उताराची एकूण पुंजी घटली, पण हातात खेळणारी रोकड वाढली. गुराखी म्हणतात, जळालं की गवत चांगलं येतं. ते खोटं नाही. ते एका मोसमापुरतं खरं आहे.

मग येतो पहिला पाऊस, आणि माझ्या मते डोंगराचं सगळं वर्ष त्या पंधरा दिवसांत ठरतं. सात-आठ महिने कोरड्या पडलेल्या मातीत पाणी शिरलं की जिवाणूंची झुंबड उडते. कोरडेपणात तग धरण्यासाठी ज्यांनी अंगात द्रव्यं साठवून ठेवली होती ते अचानक आलेल्या पाण्याने फुटतात, उरलेले त्यांच्यावर ताव मारतात, आणि काही दिवसांत मातीतलं सुटं नत्र उसळी घेतं. एच. एफ. बर्च या संशोधकाने १९५० च्या दशकात पूर्व आफ्रिकेतल्या मातीवर काम करून ही उसळी नीट मांडली, म्हणून तिला त्याचंच नाव आहे. अमोनियमचं नायट्रेट करणारे जिवाणूही याच वेळी कामाला लागतात. इथे एक बारीक पण निर्णायक फरक आहे. मातीच्या चिकण कणांवर ऋण भार असतो, अमोनियमवर धन आणि नायट्रेटवर ऋण. अमोनियम म्हणजे लोकलच्या डब्यात वरची कडी घट्ट धरून उभा असलेला माणूस, नायट्रेट दारात लटकलेला. पाण्याचा लोंढा आला की कोण बाहेर फेकला जाणार हे सांगायला नको.

आणि आपल्याकडे लोंढा म्हणजे लोंढाच. मुंबईत चार महिन्यांत साधारण २२०० ते २४०० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बराच ठरावीक काही रात्रींत. शाबूत उतारावर त्या वेळी मुळं आधीच खाली आहेत, कळ्या फुटायच्या तयारीत आहेत, पालापाचोळ्याचा थर थेंबाचा मार झेलतो आहे. जळालेल्या उतारावर घरात कोणीच नाही. गवताचं बी रुजून त्याला कामाची मुळं फुटेपर्यंत दोन-तीन आठवडे जातात, आणि राखेसकट नायट्रेट तोवर नाल्याला लागलेलं असतं. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या आतला उतार असेल तर ते विहार किंवा तुळशीच्या पाणलोटात जातं, बाहेरचा असेल तर खाडीकडे. जिथे पाणी साचून माती गुदमरते तिथे वेगळे जिवाणू नायट्रेटचा प्राणवायू वापरून पुन्हा वायू सोडतात. त्यातला काही नायट्रस ऑक्साइड, शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २७० पटींनी तापवणारा.

याच ठिकाणी मला कोकणातला राब आठवतो. भाताचं रोप टाकायच्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, ऐनाच्या तोडलेल्या फांद्या, गवत आणि वर मातीचा थर रचून उन्हाळ्यात भाजतात. ब्रिटिश वनखात्याला हा प्रकार मुळीच मान्य नव्हता. ठाणे-कुलाब्यातले शेतकरी राबासाठी झाडं छाटतात यावरून एवढं रान उठलं की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. साहेबाचं म्हणणं, हे लोक चांगलं खत जाळून टाकतात. हिशेबाने पाहिलं तर बरोबर, नत्र धुरात जातंच. पण भाजलेल्या मातीत तणाचं बी मरतं, अमोनियम सुटतं, आणि शेतकरी त्याच सपाट, बांध घातलेल्या तुकड्यात पहिल्या पावसाला दाटीने भात पेरतो. उसळी आली त्या दिवशी उचलायला हजारो मुळं जागेवर हजर. आग तीच, उसळीही तीच. उतारावरच्या वणव्यात वाया जातं ते इथे रोपाच्या अंगाला लागतं.

उचलणारे काढून टाकले तर काय होतं याचा सगळ्यात निर्दय प्रयोग अमेरिकेत झाला. न्यू हॅम्पशायरच्या व्हाइट माउंटन्समध्ये हबर्ड ब्रूक नावाचं प्रायोगिक जंगल आहे. तिथल्या एका छोट्या पाणलोटातली, साधारण १५ हेक्टरांवरची, झाडन् झाड १९६५ च्या हिवाळ्याच्या सुरुवातीला तोडली. लाकूड उचललं नाही, रस्ता काढला नाही, माती खरवडली नाही. फक्त पुढचे तीन उन्हाळे तणनाशक मारून काहीही उगवू दिलं नाही. जीन लाइकन्स, हर्बर्ट बोरमन आणि त्यांचे सहकारी ओढ्याचं पाणी तपासत राहिले. नायट्रेटचं प्रमाण चाळीस-पन्नास पटींनी चढलं, पिण्याच्या पाण्याची मर्यादा ओलांडून गेलं. बाहेरून कोणी एक चिमूटभर खत टाकलं नव्हतं. ते सगळं मातीतलंच होतं, धरणारा हात सुटला एवढंच. त्याच डोंगरांत एरवी जंगल तुटलं की पिन चेरी नावाचं झाड झपाट्याने येतं. त्याचं बी मातीत कित्येक दशकं पडून असतं, उजेड पडला की रान भरतं आणि सुटलेलं नत्र आपल्या पानात ओढून घेतं. काही दशकांत ते झाड मरून जातं, पण तोवर मागच्यांची मुळं खाली गेलेली असतात.

या न्यायाने टाकळ्यालाही थोडं श्रेय द्यायला हवं. तो निदान काहीतरी धरून ठेवतो. पण टाकळा वर्षायू, पावसाळा संपला की वाळतो, आणि वाळलेला टाकळा पुढच्या वणव्याचं इंधन. पिन चेरीचं काम त्याच्याकडून होत नाही.

आता गिरीपुष्प. म्हणजे ग्लिरिसिडिया, उंदीरमारी. मुंबई-ठाण्याच्या डोंगरांच्या कडेने जानेवारी-फेब्रुवारीत निष्पर्ण फांद्यांवर गुलाबी फुलांचे तुरे दिसतात ते बहुतेक हेच. मूळ मध्य अमेरिकेचं, तिथे कोकोच्या बागांना सावली द्यायला लावतात. फांदी खोचली की जगतं, गुरं सहसा तोंड लावत नाहीत, मुळांवर गाठी भरपूर. उजाड टेकडी दोन-तीन वर्षांत हिरवी करून दाखवायची असेल तर याच्याइतकं आज्ञाधारक झाड नाही, म्हणून सरकारी आणि हौशी, दोन्ही वृक्षारोपणांनी ते मनसोक्त लावलं. कोकणात भाताच्या खाचरात हिरवळीचं खत म्हणून त्याचा पाला टाकतात, आणि तिथे ते उत्तमच. सुक्या पानात तीन-चार टक्के नत्र, कुजायला काही आठवडे पुरतात.

पण उतारावर कोणाच्या पानात किती नत्र आहे यापेक्षा ते कधी खाली पडतं हे महत्त्वाचं. गिरीपुष्प पानं टाकतं थंडीत. उन्हाळाभर तो पाला कोरडाठाक पडून असतो, आणि जूनच्या पहिल्या पावसात एकदम कुजतो, म्हणजे बरोब्बर त्या उसळीत आणखी भर. वाळल्या गवताची गोष्ट उलटी. त्यात कार्बन इतका जास्त की कुजवणाऱ्या जिवाणूंना आजूबाजूचं सुटं नत्र स्वतःसाठी ओढून घ्यावं लागतं. गवताचा पाला पहिल्या पावसात नत्र धरतो, गिरीपुष्पाचा सोडतो. मुंबईच्या डोंगरावर कोणी हे वर्षभर मोजलंय असं मी म्हणत नाही, हा माझा तर्क आहे. पण गिरीपुष्पाची सावली जिथे विरळ होते तिथे कडेने रानमोडी, घाणेरी आणि आपला टाकळा जसे माजतात ते पाहून तो फार चुकीचा वाटत नाही.

हवाई बेटांवर याचीच आवृत्ती झाली आहे. तिथे कोवळ्या लाव्हावर स्थानिक झाडं नत्राच्या तुटवड्यात सावकाश वाढत. अझोर्स-कॅनरी बेटांवरून माणसांनी नेलेलं मोरेला फाया नावाचं नत्र धरणारं झाड राष्ट्रीय उद्यानात घुसलं. पीटर व्हिटोसेक आणि लॉरेन्स वॉकर यांनी १९८९ मध्ये दाखवलं की त्याने मातीत येणारं नत्र चौपटीहून वाढवलं. जमीन ‘सुपीक’ झाली आणि ज्यांना ती सुपीकता नको होती त्यांची पंचाईत झाली. कोलोरॅडोत निवट रिजवर, झाडं संपतात त्याहून वर, रॉकी पर्वताच्या टुंड्रात शास्त्रज्ञ मुद्दाम नत्र घालून पाहतात तेव्हाही हेच. मोजकी गवतं आणि लव्हाळी वरचढ होतात, बुटकी फुलझाडं मागे पडतात. कवळा या मागे पडणाऱ्यांच्या जातीचा. तो स्वतःचं नत्र स्वतः कमावतो, आणि त्याची ही कमाई दुर्मिळ असते तोवरच त्याला भाव.

म्हणून नत्र आणणारी सगळी झाडं वाईट असं नाही. हिमालयात दरड कोसळून माती पार निघून जाते तिथे उत्तीस, म्हणजे नेपाळी आल्डर, सगळ्यात आधी उभा राहतो. त्याच्या गाठींत वेगळे जिवाणू, फ्रँकिया. सिक्कीममध्ये वेलदोड्याच्या बागा त्याच्याच सावलीत. आपल्याकडेही खाणीने कातळापर्यंत खरवडलेल्या बाजू आहेत. तिथे पळस, पांगारा, खैर लावा, हवं तर गिरीपुष्पही लावा, मी तक्रार करणार नाही. माती गेलेला डोंगर आणि माती असून मुळं गेलेला डोंगर, या दोन वेगळ्या दुखण्यांना एकच औषध देतात त्यावर माझा राग आहे.

आमच्या डोंगरांनाही मोडतोड नवी नाही, हे कारवी पाहून कळतं. आठ वर्षांनी एकदा सगळी कारवी एकदम फुलते. उद्यानात २०१६ मध्ये फुलली तेव्हा लोकांनी रांगा लावल्या, पुन्हा २०२४ मध्येही. जांभळी फुलं पाहून लोक घरी जातात, पण मला कुतूहल नंतरचं. फळं धरून झाली की अख्ख्या उतारावरची कारवी एकाच वेळी मरते. पुरुषभर उंच झुडपांचं जंगल उभ्याउभ्या काठ्या होतं. हबर्ड ब्रूकच्या हिशेबाने इथे ओढ्यात नायट्रेट धो-धो यायला हवं. पण पुढच्याच पावसाळ्याच्या पहिल्या सरींत वाळलेली फळं तडकून बी सांडतं आणि मेलेल्या काठ्यांखाली रोपांचा हिरवा थर उठतो. वरून काठ्यांतला भरपूर कार्बन, खालून लक्षावधी कोवळी मुळं. कोणी त्या वर्षी ओढ्याचं पाणी तपासून ठेवलं तर मला ते आकडे बघायला फार आवडतील. पुढची संधी २०३२.

उद्यानाच्या हद्दीबाहेर, डोंगराच्या पायथ्याशी एका उतारावर आमचा एक छोटा गट काम करतो. निवृत्त माणसं, दोन-तीन कॉलेजची मुलं, पाड्यावरच्या काही बायका. उतारावर गिरीपुष्पच गिरीपुष्प. देशी झाडांचं प्रेम नव्याने जडलेल्यांचं म्हणणं, मे महिन्यात सगळं एकदम काढून टाकू आणि जूनमध्ये वड-पिंपळ लावू. मी म्हटलं, म्हणजे हबर्ड ब्रूक मुलुंडला आणायचं. वनरक्षकाने वाद एका वाक्यात मिटवला, “मॅडम, परवानगीशिवाय बुंध्याला हात लावायचा नाही, फांद्या छाटा काय त्या.” ते एका परीने बरंच झालं. आता आम्ही ऑगस्टच्या अखेरीस, खाली गवत आणि रोपं जोमात असताना, तुकड्यातुकड्याने छाटतो. म्हणजे पाला पडतो तेव्हा घेणारे जागेवर असतात. उजेड पडलेल्या जागी पवन्या, मारवेल या गवतांचं बी टाकतो. वड-पिंपळाचं अजून जमलेलं नाही.

सध्या भांडण आहे ते छाटलेल्या फांद्यांवरून. मला त्या उतारावर आडव्या रचायच्या आहेत, पाणी अडेल म्हणून. बाकीच्यांचं म्हणणं, मार्चमध्ये त्या वाळून कोळ होतील आणि कोणीतरी विडी टाकील. दोघांचंही खरं. पाड्यावरच्या मावशींनी निम्मा प्रश्न परस्पर सोडवला. पानं जागेवरच सडसडून झाडून घेतली आणि जाड फांद्यांच्या मोळ्या बांधून चुलीला नेल्या. नत्र बहुतेक पानांतच असतं, लाकडात फार नाही, तेव्हा मी काही बोलले नाही. बारीक काटक्यांचा निकाल लागायचा आहे.